हंटिंग करणारा टर्बाइन आणि डिजिटल गव्हर्नर: ऑर्डर देण्याआधी काय तपासावं

प्रश्न थोडक्यात असा: "आमच्या साखर कारखान्यात १२ मेगावॅटचा बॅक-प्रेशर टर्बाइन आहे. इनलेटला वाफेचा दाब ४५ किलो, तापमान ४४० अंश. एक्झॉस्ट दीड किलो. गिअरबॉक्समधून १५०० आरपीएमचा अल्टरनेटर. गव्हर्नर वुडवर्डच्या यूजी मालिकेतला, डायलवाला, जुना. या हंगामात लोड सारखा ४००-५०० किलोवॅट वरखाली होतोय. शिवाय ग्रिड गेली की दरवेळी अख्खा कारखाना ब्लॅकआउट. डिजिटल गव्हर्नर बसवला तर दोन्ही त्रास जातील का? की आहे त्या पीएलसीतच गव्हर्नरचं काम करून घ्यावं? आणि येत्या ऑफ-सीझनमध्ये हे काम बसेल का?"

आधी सरळ उत्तरं देतो. हंटिंग, म्हणजे गव्हर्नरने (वेग बघून वाफेचा व्हॉल्व्ह कमी-जास्त उघडणाऱ्या यंत्राने) स्थिर न राहता लोड झुलवत राहणं, जाईल की नाही हे अजून तुम्हालाही माहीत नाही आणि कोटेशन देणाऱ्यालाही नाही. ते शोधायला एक पैसाही लागत नाही, फक्त मशीन चालू हवं. ब्लॅकआउट नुसता डबा बदलून जाणार नाही, त्यासाठी तुमच्या ब्रेकरच्या वायरिंगकडे बघावं लागेल. पीएलसीत (पॅनलमधल्या साध्या कंट्रोल संगणकात) गव्हर्नर करू नका. ऑफ-सीझनमध्ये काम आरामात बसतं, पण त्याची निम्मी तयारी गाळप चालू असतानाच करावी लागते.

आता हंटिंग. पहिली गोष्ट, लोड हलतोय म्हणजे हंटिंगच आहे असं धरून चालू नका. तुमचं मशीन ग्रिडला पॅरलल आहे आणि गव्हर्नर ड्रूपवर आहे (ड्रूप म्हणजे लोड वाढेल तसा वेग किती टक्के खाली येऊ द्यायचा ते). ड्रूप ४ टक्के धरला तर नो-लोड ते फुल-लोड हा सगळा प्रवास ५० हर्ट्झच्या ४ टक्क्यांत, म्हणजे २ हर्ट्झमध्ये होतो. म्हणजे ग्रिडची फ्रिक्वेन्सी ०.१ हर्ट्झने खाली आली की १२ मेगावॅटचं मशीन आपण होऊन ६०० किलोवॅट जास्त उचलतं, आणि तेवढीच वर गेली की तेवढंच सोडतं. आपल्या ग्रिड कोडचा पट्टाच ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झचा आहे. त्या पट्ट्यात राहूनही तुमचा लोड ९०० किलोवॅट हलू शकतो, आणि तो गव्हर्नरचा दोष नाही, ती त्याची नोकरी आहे. त्यात तुमच्या यूजीवरचा ड्रूपचा नॉब कोणी कमी करून ठेवला असेल आणि प्रत्यक्ष ड्रूप २ टक्के झाला असेल, तर तेवढ्याच फ्रिक्वेन्सीला लोड दुप्पट हलेल. त्या डायलवरचे आकडे टक्के नसतात हे लक्षात ठेवा. टर्मिनल शाफ्टचा किती फेरा लिंकेजमध्ये वापरलाय यावर खरा ड्रूप ठरतो. एकच नॉब, एकाच खुणेवर, दोन मशीनवर वेगळा ड्रूप देतो.

म्हणून एका शिफ्टचा मेगावॅट आणि फ्रिक्वेन्सीचा ट्रेंड एकाखाली एक काढा. फ्रिक्वेन्सी वर तेव्हा लोड खाली, आणि उलट, असं आरशासारखं दिसलं तर हंटिंग नाहीच. ड्रूप योग्य जागी आणा, विषय संपला. पण फ्रिक्वेन्सी शांत असताना लोड ठरावीक ठेक्यात झुलत असेल तर ते खरं हंटिंग.

खरं हंटिंग असेल तर दुसरी चाचणी. यूजीच्या डायलवर लोड लिमिटचा नॉब आहे. मशीन ग्रिडला पॅरलल असताना, समजा ९ मेगावॅटवर, तो नॉब हळूहळू कमी करत आणा. एका जागी लोड किंचित खाली येईल, म्हणजे लिमिटरने व्हॉल्व्ह धरला. आता स्पीड वाढवण्याच्या बाजूला सिंक्रोनायझरचा नॉब थोडा फिरवा, म्हणजे गव्हर्नर वर उघडायला बघेल पण लिमिट त्याला उघडू देणार नाही. व्हॉल्व्हचं उघडणं आता गव्हर्नरच्या हातात नाही. दहा-पंधरा मिनिटं बघा. लोडचं झुलणं थांबलं तर दोष गव्हर्नरमध्ये किंवा त्याच्या सेटिंगमध्ये. तसंच चालू राहिलं तर गव्हर्नर निर्दोष आहे: वाफेचा दाब झुलतोय, नाहीतर पायलट व्हॉल्व्ह आणि सर्व्हो (गव्हर्नरचा हुकूम तेलाच्या दाबाने वाफेच्या व्हॉल्व्हपर्यंत नेणारे भाग) आपल्या मनाने हलताहेत, नाहीतर एव्हीआरची (अल्टरनेटरचं व्होल्टेज सांभाळणाऱ्या यंत्राची) भानगड आहे. डिजिटल गव्हर्नरवरही हीच चाचणी व्हॉल्व्ह लिमिटरने करतात, आणि माझ्या मते गव्हर्नरच्या धंद्यातली ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित चाचणी आहे. एकच अट: ग्रिडला पॅरलल असतानाच करायची. आयलंडवर (ग्रिडपासून सुटून मशीन एकट्याने कारखाना चालवत असताना) लिमिट लावलात तर मिलचा लोड वाढल्यावर फ्रिक्वेन्सी कोसळेल. आणि चाचणी झाली की नॉब पूर्ववत करा, नाहीतर दुसऱ्या शिफ्टचा माणूस "मशीन लोड घेत नाही" म्हणून रात्री फोन करेल.

झुलण्याचा ठेका पण बरंच सांगतो. एक-दोन सेकंदांचा झटपट ठेका असेल तर गेन (गव्हर्नरच्या प्रतिसादाचा जोर) जास्त, किंवा गव्हर्नरच्या ड्राइव्हमध्येच दोष: बेव्हल गिअर झिजलेत, कपलिंग सैल आहे. आठ-दहा-पंधरा सेकंदांचा संथ ठेका बहुतेक वेळा लिंकेजमधला प्ले किंवा अडकणारा पायलट दाखवतो. गव्हर्नर थोडं सांगतो, व्हॉल्व्ह ऐकत नाही. तो आणखी सांगतो, मग व्हॉल्व्ह एकदम उडी मारतो. तो परत मागे घेतो. आणि मिनिटा-मिनिटांचा झोका असेल तर बॉयलर हाउसला जा. बगॅसची ओल बदलली, फीडर अडकला, की दाब झुलतोच, आणि गव्हर्नर बिचारा त्याच्या मागे धावत असतो.

हे एवढं लांबवण्याचं कारण असं की डिजिटल गव्हर्नर मेकॅनिकलपेक्षा जास्त अचूक असतो, पण व्हॉल्व्हमधल्या दोषाबद्दल तो जास्त असहिष्णु असतो. जुन्या यूजीचं तेल, सुई, स्प्रिंग यांचा एक आळस असतो, तो लिंकेजमधला थोडा प्ले पचवून टाकतो. डिजिटलमध्ये गेन वाढवून मशीन चपळ करायला गेलात की तोच प्ले उघडा पडतो. नवीन गव्हर्नर बसल्यावर हंटिंग वाढलं अशी तक्रार म्हणूनच ऐकू येते, आणि मग ट्यूनिंगवाला गेन इतके खाली आणतो की मशीन शांत दिसतं पण लोड फेकला की ओव्हरस्पीडला जातं. हा रोग काही आजचा नाही. वॅटने १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनावर फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर आणला, आणि ऐंशी वर्षांनी, १८६८ मध्ये, मॅक्सवेलला गव्हर्नर का झुलतात याचं गणित मांडावं लागलं.

तेव्हा मशीन थांबल्यावर पहिलं काम व्हॉल्व्हचं. स्टॉप व्हॉल्व्ह बंद, मेन स्टीम आयसोलेट करून ड्रेन उघडा, कंट्रोल ऑइल चालू. व्हॉल्व्हच्या स्टेमला डायल गेज लावा. गव्हर्नरचा टर्मिनल लिव्हर हाताने अगदी थोडा थोडा उघडत न्या, प्रत्येक पायरीला डायल वाचा. वर जाऊन तशाच पायऱ्यांनी खाली या. जाताना आणि येताना एकाच लिव्हर-जागेवर डायल वेगळं वाचत असेल तर तो फरक म्हणजे तुमचा प्ले अधिक घर्षण. काही ठिकाणी पिन आणि बुश बदलले की निम्मा फरक जातो. उरलेला बहुतेक स्टेमवर. घट्ट पांढरी पुटं चढलेली असतात, बॉयलरमधून येणाऱ्या क्षारांची, आणि गार असताना मोकळा वाटणारा स्टेम तापल्यावर अडकतो. हे सगळं दुरुस्त न करता वर कितीही महागाचा डबा लावा.

तेलाचंही तसंच. बॅक-प्रेशर मशीनच्या ग्लँडमधून वाफ गळते, बेअरिंग हाउसिंगमध्ये शिरते आणि तेलात पाणी जातं. साखर कारखान्यात हे इतकं सर्रास आहे की कोणी त्याला दोष मानतच नाही. पण नवीन इलेक्ट्रो-हायड्रॉलिक कन्व्हर्टरच्या आतली भोकं आणि फटी बारीक असतात. सेंट्रिफ्यूज चालवा, कंट्रोल ऑइलला वेगळा डुप्लेक्स फिल्टर द्या, आणि तेलाची पार्टिकल काउंट टेस्ट करून घ्या. अॅक्चुएटर बनवणारा स्वच्छतेचा जो वर्ग मागतो तो ऑर्डरच्या आधी विचारा, नंतर नाही.

आता डिजिटल म्हणजे प्रत्यक्षात काय काय बदलतं. वेग मोजायला गोळ्यांऐवजी दातेरी चाक आणि मॅग्नेटिक पिकअप (समोरून दात गेला की विजेचा ठोका देणारा सेन्सर). चाकाला ६० दात असतील तर सोय अशी की जेवढे आरपीएम तेवढेच हर्ट्झ. चाक टर्बाइनच्या शाफ्टवरच हवं, निदान त्याला ताठ जोडलेल्या शाफ्टवर. लवचिक कपलिंगच्या पलीकडे पिकअप लावला की कपलिंगची थरथर गव्हर्नर वेग समजून बसतो. पिकअपचा गॅप साधारण पाऊण ते एक मिलिमीटर ठेवतात. नेहमीच्या ५/८ इंची पिकअपला इंचाला १८ आटे असतात, म्हणजे एका फेऱ्याला १.४१ मिलिमीटर. दाताचा माथा भोकासमोर आणून पिकअप हलकेच टेकेपर्यंत आत घ्या आणि अर्धा ते पाऊण फेरा मागे घ्या, लॉकनट कसा, आणि रोटर एक पूर्ण फेरा हाताने फिरवून कुठे घासत नाही ना ते बघा. फीलर गेज आत पोचत नाही म्हणून अंदाजाने बसवलेले पिकअप दातांनी सोललेले बाहेर निघतात.

पिकअपची केबल शील्डेड, शील्ड एकाच टोकाला अर्थ केलेली, आणि पॉवर केबलच्या ट्रेमध्ये नाही. हे पुस्तकी वाटेल, पण हल्ली मिलच्या टर्बाइन काढून व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारे ड्राइव्ह) लावलेत, आणि त्या ड्राइव्हच्या मोटर केबलशेजारून पिकअपची केबल गेली की थांबलेल्या मशीनवर गव्हर्नर दोन-चारशे आरपीएम दाखवतो. मशीन उभं असताना मिलचे ड्राइव्ह चालू करून गव्हर्नरचा स्पीड बघा. शून्य दिसायला हवा.

दुसरा बदल अॅक्चुएटरचा. गव्हर्नर ४-२० मिलिअॅम्पिअर देतो, काही अॅक्चुएटरना २०-१६० लागतो. तो करंट तेलाच्या दाबात किंवा शाफ्टच्या फेऱ्यात बदलणारं काहीतरी हवं. यूजीच्या जागी त्याच्यासारखाच फिरणारा शाफ्ट देणारा अॅक्चुएटर बसवून जुना पायलट आणि सर्व्हो ठेवायचा, हा स्वस्त मार्ग. सगळा पायलट-सर्व्हो काढून एकसंध इलेक्ट्रो-हायड्रॉलिक अॅक्चुएटर लावायचा, हा महाग मार्ग. तुमच्या डायल गेजच्या आकड्यांवर हा निर्णय व्हावा, सेल्समनच्या बोलण्यावर नव्हे. सर्व्हो चांगला असेल तर पहिला मार्ग वर्षानुवर्षं उत्तम चालतो. कुठलाही घ्या, सिग्नल तुटला किंवा २४ व्होल्ट गेले तर व्हॉल्व्ह बंदच व्हायला हवा. हे कागदावर वाचून सोडू नका, कमिशनिंगला वायर काढून बघा.

डब्याबद्दल मी फार लिहीत नाही. वुडवर्डचा ५०५ आपल्याकडे इतका पसरलाय की त्याचं नाव जवळपास वस्तूचं नाव झालंय. एक्स्ट्रॅक्शन मशीनला ५०५ई चालायचा, नव्या मालिकेत ५०५एक्सटी आहे. दुसऱ्या कंपन्यांचेही चांगले आहेत. तुमच्या साध्या बॅक-प्रेशर मशीनला यांतला कोणताही पुरून उरेल. मी निवडताना एवढंच विचारतो की जानेवारीत मध्यरात्री मशीन ट्रिप झालं तर या कंपनीचा माणूस किती तासांत पोचतो, आणि सुटा स्पेअर डबा कुठे मिळतो. स्पेसिफिकेशनमध्ये नेमा या मानकाचा क्लास डी मागा: स्पीड रेग्युलेशन ०.५ टक्क्यांच्या आत, पूर्ण लोड फेकल्यावर वेगाची वाढ ७ टक्क्यांच्या आत. पण हा ७ टक्क्यांचा आकडा डबा एकटा देऊ शकत नाही, व्हॉल्व्ह किती झटकन बंद होतो यावर तो आहे. म्हणून जबाबदारी टर्बाइनवाल्याची की गव्हर्नरवाल्याची हे ऑर्डरमध्येच लिहा. नाहीतर दोघं एकमेकांकडे बोट दाखवत बसतील आणि बॉयलर पेटवायची तारीख येईल.

इथेच पीएलसीचा प्रश्न सुटतो. तुमच्या आकाराच्या सेटला नुसत्या जडत्वावर, लोड नसताना पूर्ण वाफ दिली तर वेग शून्यापासून पूर्ण व्हायला साधारण ८ सेकंद लागतात असं धरा (खरा आकडा टर्बाइनवाल्याकडून घ्या). म्हणजे लोड फेकल्या क्षणापासून वेग दर सेकंदाला १२.५ टक्क्यांनी चढतो. पीएलसीला वेग मिळतो फ्रिक्वेन्सी-टू-करंट कन्व्हर्टरमधून, तो १०० मिलिसेकंद खातो. पीएलसीचा स्कॅन आणि अॅनालॉग कार्डाचं अपडेट मिळून आणखी दीड-दोनशे. व्हॉल्व्हला "बंद हो" असं सांगायलाच ३०० मिलिसेकंद गेले, तोवर वेग पावणेचार टक्के चढला. ७ टक्क्यांतले निम्म्याहून जास्त व्हॉल्व्ह हलण्याआधीच संपले. खऱ्या गव्हर्नरमध्ये हा फेरा ५ ते २० मिलिसेकंदांत होतो. मोठ्या डीसीएसवाल्यांचे टर्बाइनसाठीचे खास स्पीड कार्ड असतात, ती वेगळी गोष्ट. तुमच्या पॅनलमधला साधा पीएलसी लोड दाखवायला, अलार्म द्यायला, मॉडबसवरून गव्हर्नरचे आकडे वाचायला ठेवा.

ओव्हरस्पीड ट्रिप गव्हर्नरच्या पोटात असला तरी त्यावर विसंबू नका. वेगळी यंत्रणा, वेगळे तीन पिकअप, तिघांतल्या दोघांचं मत. एपीआय ६७० (यंत्रांच्या संरक्षणाचं मानक) ही पद्धत मागतो आणि वेग ओलांडल्यापासून ४० मिलिसेकंदांत ट्रिपचा आउटपुट सुटावा असंही म्हणतो. एपीआय तुमच्यावर कायद्याने लागू नसेल, पण सुटलेला रोटर हे विचारत बसत नाही. जुना मेकॅनिकल बोल्ट असेल तर तोही राहू द्या. त्याची चाचणी घ्यायला इलेक्ट्रॉनिक ट्रिपचा आकडा तात्पुरता वर नेतात, तेव्हा जो माणूस तो वर नेतो त्यानेच परत खाली आणून सही करायची. आणि चाचणीत एक जण फक्त हाताच्या ट्रिप लिव्हरपाशी उभा, टॅकोमीटरवर डोळा, बाकी काही काम नाही.

आता तुमचा ब्लॅकआउट. हा भाग नीट वाचा, कारण कोटेशनमध्ये तो कुठेच नसतो.

ग्रिडला पॅरलल असताना गव्हर्नर वेग सांभाळत नाही, कारण वेग ग्रिडने धरलेला असतो. तो फक्त वाफ किती सोडायची ते ठरवतो. तुमच्यासारख्या बॅक-प्रेशर मशीनवर बहुतेक वेळा एक्झॉस्ट प्रेशरचा कॅस्केड लावतात: पॅन आणि इव्हॅपोरेटरला वाफ कमी पडली, एक्झॉस्ट दीड किलोच्या खाली आला, की कॅस्केड गव्हर्नरचा स्पीड सेटपॉइंट वर नेतो, व्हॉल्व्ह उघडतो, जास्त वाफ मशीनमधून जाते, लोडही वाढतो. ग्रिड आहे तोवर हे झकास चालतं.

आता समजा तुम्ही ११ मेगावॅट बनवताय, कारखाना ५ खातोय, ६ फीडरवर जाताहेत, आणि फीडर सुटला. मशीनवरचा लोड एकदम निम्म्यावर आला. वरच्याच हिशोबाने वेग सेकंदाला सव्वासहा टक्के, म्हणजे ३ हर्ट्झहून जास्त चढायला लागला. गव्हर्नरने व्हॉल्व्ह बंद केला, ड्रूपमुळे तो ५१ हर्ट्झच्या आसपास स्थिरावला. इथपर्यंत ठीक आहे. पण व्हॉल्व्ह बंद झाल्यामुळे मशीनमधून वाफ कमी गेली, एक्झॉस्ट पडला. कॅस्केडला वाटलं प्रोसेसला वाफ हवीय, त्याने सेटपॉइंट वर नेला. आता ग्रिड नाही, त्यामुळे सेटपॉइंट वर जाणं म्हणजे खरोखरचा वेग वर जाणं. वेग चढला, पण कारखान्याचा लोड तेवढाच, वाफ फारशी वाढली नाही, एक्झॉस्ट अजून कमीच. कॅस्केड आणखी वर. ५२ हर्ट्झच्या ओव्हरफ्रिक्वेन्सी रिलेने जनरेटर ब्रेकर उघडला आणि कारखाना अंधारात. पीएलसीत कोणी किलोवॅट कंट्रोलचा लूप टाकला असेल तर तोही हेच करतो: गेलेले ६ मेगावॅट परत मिळवायला सेटपॉइंट वर ढकलत राहतो.

डिजिटल गव्हर्नरमध्ये याचं उत्तर आहे. त्याला दोन कॉन्टॅक्ट देतात, जनरेटर ब्रेकरचा आणि ग्रिड टाय ब्रेकरचा (कारखाना ग्रिडला जोडणाऱ्या ब्रेकरचा). दोन्ही ब्रेकर बंद, म्हणजे जोडलेले, तर ड्रूप आणि कॅस्केडला परवानगी. जनरेटर ब्रेकर बंद पण टाय उघडा, तर कॅस्केड बाद, सेटपॉइंट ५० हर्ट्झवर, मोड आयसोक्रोनस (लोड कितीही असो, वेग तोच). एक्झॉस्ट कमी पडला तर ते काम पीआरडीएसने (दाब आणि तापमान उतरवून थेट वाफ देणाऱ्या स्टेशनने) करायचं.

पण मेख इथे आहे. तुमचा टाय ब्रेकर तुमच्या यार्डात आहे, आणि फीडर बहुतेक वेळा सबस्टेशनच्या टोकाला सुटतो. तिकडचा ब्रेकर उघडला, तुमचा बंदच. गव्हर्नरला मिळणारा कॉन्टॅक्ट सांगतो "ग्रिड आहे". म्हणजे नवा डिजिटल गव्हर्नर जुन्या यूजीसारखाच, किंबहुना जास्त तत्परतेने, वर सांगितलेलं सगळं करणार. एका कारखान्यात नेमकं हेच पाहिलं: उत्तम गव्हर्नर, उत्तम ट्यूनिंग, आणि नव्या हंगामातही ब्लॅकआउट पूर्वीइतकेच. गव्हर्नरच्या इव्हेंट लॉगमध्ये टाय ब्रेकर शेवटपर्यंत "क्लोज". उपाय करताना गव्हर्नरला हातही लावला नाही. फ्रिक्वेन्सी बदलाच्या दरावर चालणारा रिले आणि अंडर-ओव्हर फ्रिक्वेन्सी रिले मिळून तुमच्याकडचा टाय ब्रेकर आधी उघडतील अशी मांडणी केली आणि त्यांच्या वेळा जनरेटर ब्रेकरच्या रिलेपेक्षा कमी ठेवल्या. सबस्टेशनकडून इंटरट्रिपची (तिकडचा ब्रेकर उघडला की इकडचाही उघडणारी) जोडी मिळाली तर सोन्याहून पिवळं, पण त्याच्या परवानग्यांना वेळ लागतो. रिलेच्या सेटिंगला वीज कंपनीची मान्यता लागते, ते काम आजच सुरू करा.

उलट बाजूही आहे. कधी तिकडे फीडरवर तुमच्याबरोबर इतर लोड अडकतो, आणि तुमचे १२ मेगावॅट अख्खा परिसर ओढायला बघतात. तेव्हा फ्रिक्वेन्सी पडते, चढत नाही. तिथे गव्हर्नर काहीच करू शकत नाही, व्हॉल्व्ह आधीच पूर्ण उघडा असतो. टाय लवकर उघडणं आणि गरज पडली तर मिलचा एखादा ड्राइव्ह, एखादा मोठा पंप सोडून देणं, एवढंच हातात. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई काळोखात गेली तेव्हा आयलंडिंगची चर्चा वर्तमानपत्रांपर्यंत पोचली होती. तुमच्या यार्डातलं शास्त्र तेच, फक्त आकडे लहान.

कॉन्टॅक्ट घेताना तो ब्रेकरच्या स्वतःच्या ऑक्झिलरी स्विचचा घ्या. पॅनलमधल्या गुणक (एका कॉन्टॅक्टचे अनेक करणाऱ्या) रिलेचा नको, त्याचा सप्लाय गेला तर तो खोटं बोलतो. गव्हर्नरचे २४ व्होल्ट बॅटरीवर, दोन वेगळ्या सप्लायमधून. यूपीएसच्या भरवशावर ठेवलेला गव्हर्नर नेमका ग्रिड जातानाच्या डिपला रीसेट झालेला तुम्हाला परवडणार नाही.

तुमच्याकडे जुना तीन-एक मेगावॅटचा दुसरा सेट असेल (बहुतेक कारखान्यांत असतो), तर आयलंडवर दोघांपैकी एकच आयसोक्रोनस ठेवा, मोठा. लहान ड्रूपवर, त्याला ठरावीक लोड देऊन सोडा. दोघांना आयसोक्रोनस ठेवून लोड शेअरिंगचं उपकरण लावलं नाही तर एक सगळा लोड उचलतो आणि दुसरा रिव्हर्स पॉवरवर ट्रिप होतो.

ट्यूनिंगवर थोडंच. ऑफलाइनचे आणि ऑनलाइनचे गेन वेगळे ठेवता येतात, ठेवाच. आयलंडवर कुठला संच लागतोय हे तपासा. बऱ्याच ठिकाणी ब्रेकर बंद म्हणून ऑनलाइनचाच लागतो, आणि ग्रिडवर छान वाटलेले गेन आयलंडवर झुलतात. म्हणून कमिशनिंगला मुद्दाम टाय उघडून आयलंडवर अर्धा तास चालवा, एखादा मोठा मोटर चालू-बंद करा, वेग किती वाकतो आणि किती वेळात सावरतो ते नोंदवा. लोड फेकण्याची चाचणी २५ टक्क्यांपासून सुरू करून पायरीपायरीने वर न्या, आणि प्रत्येक वेळचा कमाल वेग लिहून ठेवा. ५० टक्क्यांना वेग अपेक्षेपेक्षा जास्त चढला तर ७५ ला जाऊ नका, आधी व्हॉल्व्ह बंद व्हायचा वेळ मोजा.

कॉन्फिगरेशनची फाइल पेनड्राइव्हवर, आणि सगळ्या सेटिंगची छापील प्रत टर्बाइन फ्लोअरच्या कपाटात. पासवर्ड दोघांकडेच. तुमच्या शिफ्ट इंजिनिअरना कमिशनिंगच्या दिवसांत विक्रेत्याच्या माणसाशेजारी बसवा, आणि स्टार्टअप त्यांच्याच हातून करून घ्या.

आता वेळेचं. लोड लिमिटची चाचणी, फ्रिक्वेन्सी-लोडचा ट्रेंड, आणि ग्रिड गेली तेव्हा कुठला ब्रेकर आधी उघडला याची रिलेमधली नोंद, ही तीन कामं मशीन चालू असतानाच होतात, म्हणजे गाळप संपून पट्टा पडायच्या आत. डायल गेज, स्टेम, तेल हे मशीन थांबल्याबरोबर, व्हॉल्व्ह अजून खोललेला नसताना. खोलून साफ केल्यावर मोजलं तर आजार किती होता ते कधीच कळणार नाही. ऑर्डर या आकड्यांनंतर, मे संपायच्या आत. पावसाळ्यात दातेरी चाक, ब्रॅकेट, केबल, पॅनल. बॉयलर अग्निप्रदीपनाच्या निदान तीन आठवडे आधी कोरड्या चाचण्या संपलेल्या असाव्यात, कारण पहिली वाफ आली की सगळ्यांनाच मोळी टाकायची घाई असते आणि ओव्हरस्पीडच्या चाचणीला कोणी वेळ देत नाही. लोड लिमिट लावल्यावर झुलणं थांबलं की चालू राहिलं, तेवढं आधी कळवा. अॅक्चुएटर कुठला घ्यायचा याचं उत्तर त्यावर आणि डायल गेजच्या आकड्यांवरच देता येईल.